मामांना मी नऊ वेळा परत पाठवलं

माझ्या दत्तामामांना मस्कतमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांच्या कंपनीने आम्हाला एकूण नऊ पत्रं पाठवली, आणि नऊही वेळा मी उलट कळवलं की तुम्ही पाठवताय ते आम्हाला नको आहे.

मी असं काही कळवतोय, हे मला साडेतीन आठवडे माहीत नव्हतं. (हे वाक्य मी नंतर पुष्कळांना सांगून पाहिलं. ‘अरेरे, मग तुझी काय चूक’ असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही.)

दत्तामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आईवडील मी सातवीत असतानाच एकामागोमाग एक गेले, आणि मामा-मामींनी मला आपल्या घरी आणलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामा रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. बंद पडलेल्या इंजिनाला कान लावून ते आजार सांगत. पुढे मस्कतच्या एका कंपनीत मेकॅनिक म्हणून गेले आणि पहिल्याच वर्षी तिकडून त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या कोर्सची फी पाठवली. म्हणजे ज्या विद्येने मी त्यांना दारातून हाकललं, ती विद्याही त्यांनीच विकत घेऊन दिलेली होती.

कोर्स संपवून मी इब्राहिमशेठच्या कंपनीत लागलो. दोन हजार सालानंतरची दोनतीन वर्षं उलटली असतील. शेठ कोळंबी आणि म्हाकूल बर्फात गोठवून परदेशी धाडत. खाली मासळीचा कारखाना आणि वर ऑफिस, त्यामुळे मी घरी गेलो की शेजारची मांजरं माझ्याबरोबर आत येत. ऑफिसातल्या टेबलाखाली एक कॉम्प्युटर अखंड चालू असे, तो आमचा मेल सर्व्हर. कंपनीला येणारी सगळी ईमेल आधी त्याच्याकडे यायची आणि तो ती ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचा. थोडक्यात ते एक पोस्ट ऑफिस होतं आणि मी त्याचा पोस्टमास्तर.

स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता असणारा आमच्या सबंध आळीत मी एकटा. त्याचा माज होता. मामा रजेवर आले तेव्हा कंपनीचा एक फॉर्म घेऊन आले होते. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, ते त्यात लिहायचं होतं. मामांनी घरचा फोन नंबर लिहिला होता.

“मामा, फोन कशाला लिहिताय?” मी म्हटलं. “पाऊस पडला की आठ आठ दिवस बंद असतो तो. माझा ईमेल लिहा. दोन सेकंदांत पोचतो.”

“चुकत नाय ना पण?” मामी म्हणाली.

“मामी, पोस्टमन चुकेल. माणूस चुकेल. हे मशीन आहे.”

मामांनी फोन नंबरावर नीट पट्टीने रेघ मारली आणि वर माझा पत्ता लिहिला. मामीने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्याकडे कौतुकाने पाहिलं असतं, पण समोर आरसा नव्हता.

मामा परत गेले आणि काही महिन्यांत आमच्या सर्व्हरवर कचरा यायला लागला. सुरुवातीला थोडा होता. तुम्हाला लॉटरी लागली आहे, पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्या घ्या, आफ्रिकेतल्या एका मंत्र्याची विधवा मरणाच्या दारात आहे आणि तिला तिची इस्टेट तुमच्याच नावावर करायची आहे. शेठ भल्या मनाचा माणूस. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, “दिनू, ह्या बाईला उत्तर दिलंस काय? बिचारी इस्पितळात आहे म्हणे.”

“शेठ, ती बाई खोटी आहे.”

“आजारी बाईला खोटी म्हणू नये रे,” शेठ म्हणाले.

मग खरं संकट आलं. कुठल्याशा लबाडाने त्या ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात जगभर लाखो लोकांना धाडली, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून आमच्या शेठचा पत्ता टाकला. त्यातले निम्मे पत्ते चुकीचे. न पोचलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं, हा टपालाचा नियम, म्हणून ती सगळी जाहिरात ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा घेऊन आमच्याकडे परत यायला लागली. सकाळी येऊन बघावं तर हजारो. जेवून येऊन बघावं तर आणखी हजारो. ज्यांना ती पोचली होती त्यांतल्या एका बाईने शेठना लांबलचक पत्र लिहून ‘ह्या वयात हे शोभतं का’ असं विचारलं. ते शेठच्या मुलीने आधी वाचलं. शेठ दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत, आणि त्या ढिगाऱ्यात स्पेनच्या गिऱ्हाइकाचं पत्र गाडलं गेलं ते वेगळंच.

शेठनी मला बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, “दिनू, हे उद्यापर्यंत बंद झालं नाय, तर मी तुला बंद करीन.”

मी तो कॉम्प्युटर पुढ्यात घेतला आणि सबंध दिवस बसून त्याला दोन नियम शिकवले. पहिला नियम असा, की ‘पत्र पोचलं नाही’ म्हणून परत येणारं काहीही घ्यायचं नाही. दुसरा नियम म्हणजे शब्दांची यादी. पत्रात यादीतला एक जरी शब्द दिसला तरी ते पत्र दारातूनच माघारी. यादीत मी ‘तातडीचे’ हा शब्द घातला, कारण लबाडांना नेहमी घाई असते. ‘इस्पितळ’ घातला, त्या विधवेसाठी. ‘जवळचे नातेवाईक’ घातला, कारण इस्टेटीची पत्रं तिथूनच सुरू होत. ‘पासपोर्ट’ घातला, ‘प्रिय बंधू’ घातला, ‘देव तुमचं भलं करो’ हेही घातलं. हे सगळं अर्थात इंग्रजीत. यादी चाळीसएक शब्दांची झाली. जगात कुणावरही काही वाईट प्रसंग आला, तर तो कळवायला लागतील ते सगळे शब्द तिच्यात होते; पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

पत्र निमूटपणे कचऱ्यात टाकायचीही सोय होती. पण मला समाधान हवं होतं. पत्र नाकारताना सर्व्हर समोरच्याला एक चिठ्ठी देतो. ती आपल्याला हवी तशी लिहिता येते. मी एक अख्खी दुपार त्या चिठ्ठीवर घालवली. तिचा मराठीत अर्थ असा: “तुमचं सोंग आम्ही ओळखलं आहे. तुम्ही जे पाठवत आहात ते आम्हाला नको आहे. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पुन्हा लिहू नका.”

मी चिठ्ठी चारपाचदा मोठ्याने वाचली. मग बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी शांतता. दिवसाला दहाबारा पत्रं, सगळी कामाची. शेठनी खूश होऊन मला एक मोठी सुरमई घरी नेऊ दिली. ती मामीने शुक्रवारी केली, आणि नेमकं त्याच शुक्रवारी मामांचा फोन आला नाही.

मामा दर शुक्रवारी फोन करायचे. तिकडे तो सुट्टीचा दिवस. तिकडच्या बूथवरून शेजारच्या पाटणकरांकडे फोन यायचा (आमचा होता, पण त्याची गॅरंटी नव्हती, हे मी वर सांगितलंच आहे) आणि मामी पदर खोचून धावत जायची. त्या शुक्रवारी ती पाटणकरांच्या ओटीवर दोन तास बसून परत आली.

“रांग असेल बूथवर,” मी म्हटलं.

“तुज्या त्या पेटीत काय आलंय का बघ उद्या.”

मी बघितलं. पेटीत काही नव्हतं. संध्याकाळी येऊन सांगितलं, “मामी, काही नाही. म्हणजे सगळं ठीक आहे. काही असतं तर आलं असतं.”

पुढच्या शुक्रवारीही फोन नाही. मामीने जेवणाचं ताट पुढे ओढलं आणि तसंच मागे सारलं. म्हणाली, “तिथल्या हाफिसात फोन लावून बघूया काय रे?”

“मामी, ईमेल असताना फोन कशाला? मी लिहितो त्यांना.”

मी लिहिलं. माझे मामा दोन आठवडे बोललेले नाहीत, ते कसे आहेत ते कळवा. चार दिवस उत्तराची वाट पाहिली. उत्तर नाही. मग मी दुसरं लिहिलं, जरा कडक. साध्या पत्राला उत्तर देण्याची सभ्यता तुमच्याकडे नाही काय, असं त्यात होतं. त्यालाही उत्तर नाही. शेवटी मी त्यांच्या ऑफिसला फोन लावला. तो लावला शुक्रवारी. बंद ऑफिसात तो वाजत राहिला.

तोवर आळीने निदान केलं होतं. मस्कतला गेलेला माणूस अचानक बोलेनासा होतो, ह्याचं कारण आळीला ठाऊक असतं. पाटणकरांच्या काकू मामीला म्हणाल्या, “सुमती, पुरुषाची जात. त्यात तिकडे परमुलूख.”  मामी हेदवीच्या गणपतीला जाऊन आली. परत आल्यावर तिने कपाटातून मामांनी आणलेलं सुंदर अत्तर काढलं आणि मोरीत ओतलं. सबंध घराला आठ दिवस तो वास होता. मी म्हटलं, “मामी, मामा तसे नाहीत.”

“मग कसे आहेत?” ती म्हणाली. “सांग ना. तुज्या मशीनला विचार.”

मी बाजूला झालो. मामी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती सकाळी उठून भाकऱ्या भाजायची, मला वाढायची आणि मग दारात बसून नुसतं समोरच्या कुंपणाच्या गडग्याकडे बघायची. त्या गडग्यावर काही नव्हतं. दगडच होते.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी, मी जेवायला घरी आलेलो असताना, दारापुढच्या खळ्यात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाला, “दत्ताराम मेकॅनिकचं घर हेच काय?”

“हेच. या ना, बसा.”

“बसायला आलो नाय. मी अन्वर. जैतापूरचा. मस्कतला दत्ताच्याच कंपनीत गाडी चालवतो. सुट्टीवर आलोय.”

मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. अन्वरभाईंनी हात वर केला. “पाणी नको, वहिनी.”

आमच्याकडे दारात आलेला माणूस पाणी नको म्हणतो, तेव्हा तो एक तर परका असतो नाहीतर भांडायला आलेला असतो. मामी तांब्या धरून तशीच उभी राहिली.

“मी एकच विचारायला आलोय,” अन्वरभाई म्हणाले. “माणूस चालता फिरता होता, महिन्याला पाठवत होता, तवर तो तुमचा. आणि अंग लुळं पडलं तर तो नको?”

मामीच्या हातातला तांब्या थोडा कलला. पाणी तिच्या पायावर सांडलं. “कुणाचं अंग लुळं पडलं?” ती म्हणाली.

अन्वरभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाय?”

त्यांनी पिशवीतून कागद काढले. आधी एक पत्र: तातडीचे, आपले जवळचे नातेवाईक श्री. दत्ताराम यांना अर्धांगाचा झटका आल्याने इस्पितळात दाखल केलं आहे. त्याखाली माझं उत्तर: तुमचं सोंग आम्ही ओळखलं आहे. दुसरं पत्र: आम्ही त्यांना घरी पाठवू इच्छितो, पासपोर्ट तयार आहे, मुंबईच्या विमानतळावर घ्यायला कोण येईल ते कृपया कळवा. त्याखाली माझं उत्तर: तुम्ही जे पाठवत आहात ते आम्हाला नको आहे. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मी उरलेले कागदही घेतले आणि खळ्यातच वाचत बसलो.

कंपनीतला जो कारकून हे लिहीत होता त्याचं नाव वर्गीस. केरळचा, अत्यंत सज्जन माणूस. त्याला वाटलं, आपली भाषा कोरडी झाली म्हणून घरच्यांना राग आला. म्हणून पुढच्या पत्रात त्याने ‘प्रिय बंधू’ अशी सुरुवात केली. परत तेच उत्तर. मग शेवटी ‘देव तुमचं भलं करो’ असं घातलं. परत तेच. मधेच माझं पत्र त्याला मिळालं, माझे मामा कसे आहेत कळवा. त्याने आनंदाने सगळं सविस्तर कळवलं, आणि दोन मिनिटांत माझ्याकडून त्याला उत्तर गेलं, पुन्हा लिहू नका. तो हादरला. पुढच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, उत्तर देण्याची सभ्यता नाही काय. त्याने तरीही उत्तर दिलं. मी त्याला पुन्हा हाकललं. त्यात त्या परत आलेल्या पत्रांवर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून ‘मेलर डेमन’ असं छापलेलं असे. ते सर्व्हरच्या आतल्या एका कारकुनी प्रोग्रामचं नाव आहे, सगळीकडे हेच असतं. पण वर्गीस देवभोळा ख्रिस्ती माणूस. डेमन म्हणजे सैतान, एवढंच त्याला माहीत. त्याने अन्वरभाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, “ह्या दत्तारामच्या घरात सह्या नक्की कोण करतं?”

“मामांना हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“सांगावंच लागलं,” अन्वरभाई म्हणाले. “रोज विचारायचा ना तो. तोंड वाकडं झालंय, बोलणं कळत नाय, तरी एकच विचारायचा. घरून काय आलं? वर्गीस किती दिवस खोटं बोलणार? शेवटी वाचून दाखवलं.”

“मग?”

“मग काय. भिंतीकडे तोंड केलं आणि झोपला. जेवला नाय त्या दिवशी.”

 मामीने आत जाऊन दुसरा तांब्या भरून आणला आणि अन्वरभाईंच्या पुढे धरला. त्यांनी तो घेतला. सगळा प्यायले.

मी सायकल घेऊन ऑफिसात गेलो. नाकारलेल्या प्रत्येक पत्राची सर्व्हर एका वहीत नोंद ठेवतो. ती वही कॉम्प्युटरच्या पोटातच असते. मी ती कधी उघडलीच नव्हती, कारण मला वाटलं होतं, तिच्यात कचराच असणार. उघडली. विधवांच्या आणि गोळ्यांच्या मधे मस्कत, मस्कत, मस्कत. नऊ वेळा. पहिली नोंद मी नियम बसवल्यानंतर तिसऱ्या दिवसाची.

शेठ मागे येऊन उभे राहिले होते. मी सगळं सांगितलं. ते पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, “ह्या वहीत स्पेन पण आहे काय, बघ.”

स्पेन होतं. गिऱ्हाइकाला माल तातडीने हवा होता, आणि तसं त्याने लिहिलं होतं. त्याला मी काय कळवलं होतं ते शेठनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“माझी गाडी घेऊन जा मुंबईला,” शेठ म्हणाले. “ड्रायव्हर ने. तुझा मामा येईल परत. माझं स्पेन काय येत नाय आता.”

मस्कतला फोन मी शेठच्याच टेबलावरून लावला, आणि ह्या वेळी वार बघून लावला. वर्गीसला माझं नाव सांगितल्यावर त्याने ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी माफी मागितली, यंत्राचं सांगितलं, नियमांचं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही त्यांना घेणार?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “हे तुम्ही लेखी कळवाल का?” मी ते फॅक्सने कळवलं. माझ्या ईमेलवर त्याचा विश्वास राहिला नव्हता आणि मला आग्रह करायचं तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी मी आणि मामी मुंबईच्या विमानतळावर उभे होतो. मामी जन्मात पहिल्यांदा विमानतळ बघत होती, पण तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. चाकाच्या खुर्चीतून मामा बाहेर आले. निम्मे झाले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तो स्वतःचा नसल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांनी मामीला पाहिलं आणि ओढलेल्या बाजूने त्यांच्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला. मला तो कळला नाही. मामीला कळला.

“आले हो,” ती म्हणाली. “मी कुठे जात्येय.”

तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग, आपल्याला महिनाभर काय काय वाटलं होतं ते आठवून की काय कोण जाणे, तिने त्यांचा हात असा घट्ट धरला, की पनवेलपर्यंत सोडला नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पण आरशात दिसत होतं. वडखळच्या आसपास मामा झोपले. मामी जागीच होती. ती आरशातून माझ्याकडे बघत होती, आणि खेड येईस्तोवर बघत होती.

परत आल्यावर मी ऑफिसात जाऊन ते दोन्ही नियम काढून टाकले. दुसऱ्या दिवसापासून कचरा पुन्हा वाहायला लागला. सकाळी अर्धा तास बसून मी तो हाताने निवडायचो, तांदळातले खडे निवडावेत तसा, एक एक वाचून. शेठ कधीतरी डोकावून विचारायचे, “ती विधवा कशी आहे रे?” मी म्हणायचो, “अजून इस्पितळातच आहे.” ते मान हलवून जायचे.

मामा हळूहळू सुधारले. काठी धरून मोरीपर्यंत जायला लागले. बोलणं जड राहिलं ते राहिलंच; ते बोलत आणि मामी आम्हाला त्याचं मराठी करून सांगत असे. ह्या सगळ्या काळात ते माझ्याशी नेहमीसारखेच वागत. उलट थोडे जास्तच मायेने. मी समोर आलो की डावा हात माझ्या डोक्यावर ठेवत. मला तो हात सोसवत नसे. लोक काय म्हणतात त्यापेक्षा तो हात जड होता.

दोनतीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी त्यांची खाटेवर पडल्यापडल्याच दाढी करत होतो. न राहवून विचारलं, “मामा, तुम्हाला खरंच वाटलं का हो, की मी असं लिहीन?”

मामा बराच वेळ बोलत राहिले. मधेच थांबत, पुन्हा जुळवत. मामी चुलीपाशी भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली आणि पुढे येऊन बसली.

“ते म्हणतायत, पहिल्या दिवशी वाटलं. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले.”

मामा पुन्हा बोलले.

“म्हणतायत, मग तिसऱ्या दिवशी वर्गीसला ते परत वाचायला सांगितलं. सावकाश. त्याने वाचलं, आणि म्हणाला, इंग्रजी पण काय सुरेख लिहिलंय. तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं. म्हणाले, मग हे आमच्या दिनूचं नव्हे. कुणीतरी शिकलेल्या माणसाने लिहिलंय.” मामीने डोळे पुसले. “त्यानंतर जेवायला लागले म्हणे. सगळ्या वॉर्डाशी भांडायचे. माझा भाचा असं लिहायचा नाय, त्याला येतच नाय, म्हणून.”

मामांनी साबण लागलेल्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. एवढ्या मोठ्या जगात एक माणूस माझ्या बाजूने उभा होता, तोही काठी धरून. पण ‘त्याला येतच नाय’ हे मला लागलं. मी ती चिठ्ठी लिहायला एक दुपार घातली होती. डिक्शनरी घेऊन बसलो होतो.

“मामा,” मी म्हटलं, “ते मीच लिहिलं होतं.”

मामांचा हात माझ्या डोक्यावरून खाली आला. त्यांनी मामीकडे पाहिलं, मग सावकाश कूस बदलली आणि अर्धी दाढी तशीच ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

मामी उठली. माझ्या हातातला वस्तरा काढून घेत म्हणाली, “जा तू आता हाफिसात.”

“मामी, आज रविवार आहे.”

“तरी जा,” ती म्हणाली.